खालचं पाणी

तुम्ही विचारलंय, कुठला महिना चांगला.
पत्र आलं तेव्हा बोटीला ठिगळ लावत होतो,
बोटीचा गोंद बोटांना,
म्हणून उत्तराला उशीर.

इथे एप्रिल आहे. आभाळ घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखं,
तीन आठवडे थेंब नाही,
आणि खाली घळीत झांबेझी तुडुंब.
नवख्याला हे उमगत नाही.
हा पाऊस आमचा नव्हेच.
तो जानेवारीत पडला, वर, अंगोलाच्या रानात,
बारोत्सेच्या गवतात आडवा होऊन राहिला,
गुरांच्या गुडघ्यांना लागला, कुणाच्या चुलीत शिरला,
मग सावकाश उठून इकडे निघाला.
माझा भाऊ गेला तेव्हा मीही असाच,
मातीच्या दिवशी कोरडा ठणठणीत.
तीन महिन्यांनी बाजारात मीठ मोजून घेताना
असो.
तुम्ही महिना विचारलाय.

आत्ता येऊ नका.
खडक बुडालेत, वरून नदी शहाण्या बाईसारखी दिसते,
पण मधूनच तळाचं पाणी उकळी फुटून वर येतं,
भोवरा अख्खं खोड उभ्यानं गिळतो
आणि अर्ध्या मैलावर, साल सोलून, परत देतो.
ऑफिसला कुलूप. पगार अर्धा.
लुयांदो, माझी धाकटी, म्हणते हाच महिना बेस्ट,
बाबा रोज रात्री घरी.

समोरच्या कड्यावर पांढऱ्या रेघा आहेत,
सियामासुकूनं दोराला लोंबकळून मारलेल्या.
जूनपासून तो रोज सकाळी दुर्बीण लावतो,
एक रेघ उघडी पडली की शीळ घालतो,
जणू त्यानंच नदीला तेवढं प्यायलं.

उथळ पाण्याला खळखळाट फार
असं नाक मुरडून म्हणणाऱ्याला
ऑक्टोबरात माझ्या बोटीत पुढे बसवा.
पाणी उतरतं तसे काळे दात बाहेर येतात,
उतार नागडा होतो,
नदी कमी होते आणि वाढते.
सातव्या उडीत तुमचं नाव विसराल.
नवव्या ठिकाणी मात्र सगळे खाली उतरून काठानं चालतो,
बोट रिकामी सोडतो, देवाला सोडल्यासारखी,
आणि पुढच्या वळणावर ती येते का बघत उभे राहतो.

दर वेळी येते. एकदा उलटी आली.

पण पत्रकात छापत नाहीत ते सांगतो.
ऑक्टोबरात दगडावर हात टेकवत नाही.
घळीतून वर यायची वाट एकच, मोपानेच्या काठ्यांच्या शिड्यांची,
आणि बोट काही स्वतः चढत नाही.
गेल्या साली हामूंगा, डोक्यावर ओल्या रबराची वळकटी,
मधल्या शिडीपाशी थांबला.
मागून एक पाहुणा ओरडला, चल ना, ऊन लागतंय.
हामूंगानं ओझं उतरवलं नाही.
नुसता बाजूला सरला, कड्याकडच्या बाजूला,
जिथे पाय ठेवायला पाऊण पाऊल जागा आहे.
त्याला विचारा चांगला महिना कुठला.
मी विचारलं होतं. म्हणाला, नोव्हेंबर.
का? तर आंबे.

माझा बाप धरणाच्या खालच्या गावचा,
म्हणजे आता धरणाच्या आतल्या गावचा.
त्याच्या नदीला महिनेच उरले नाहीत,
बारा महिने एकच सपाट पाणी.
तो मला म्हणायचा, तुझी अजून फुगते, आटते,
तक्रार करू नकोस.

तर, ऑक्टोबर. दुसरा आठवडा.
रेघा अकरा उघड्या असतील, पाणी हिरवं.
बूट घट्ट नाडीचे आणा,
चश्म्याला दोरी बांधा,
आणि वर चढताना
ज्याच्या डोक्यावर बोट आहे
त्याला भिंतीकडची बाजू द्या.

म्वीत्वा,
बोटींच्या शेडमधून